पंचगंगेचा घाट आणि स्वयंसेवकांच्या पाठीमागची माणसे

संपादक मंडळाने यंदा "तुम्ही काशीला होतात, काशीवर काहीतरी लिहा" असा आग्रह धरला. मी सिव्हिल डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांवरचा माणूस. काशीच्या अध्यात्मावर लिहिण्याचा मला अधिकार नाही आणि तेथील देवळांची माहिती सांगणारी पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत. तेव्हा मला थोडेफार कळते त्याच विषयावर लिहितो. शाळेत असल्यापासून मी स्काऊट आहे, रेल्वेत आल्यावर रोव्हर लीडर झालो. त्यामुळे काशीच्या घाटावर माझे लक्ष गेले ते गर्दी सांभाळणाऱ्या पोरांकडे आणि त्या पोरांना सांभाळणाऱ्या माणसांकडे.

यामागे आपल्या मंडळातलाच एक जुना वाद आहे. विसर्जनानंतरच्या दर सभेत तो निघतो. ढोल ओढणारे, दोर धरणारे, रात्रभर जागणारे कार्यकर्ते म्हणतात, "राबतो आम्ही, आणि हे खुर्चीत बसून नुसत्या वह्या लिहितात." स्काऊटमध्येही हेच ऐकू येते, तेथे फक्त 'वह्या लिहिणारे' याऐवजी 'मुख्यालयातले पगारी' असा शब्द असतो. या पगारी माणसांचा इतिहास मी जरा शोधला तेव्हा तो थेट पुण्यात, आपल्या नामदार गोखल्यांपाशी जाऊन पोहोचला. पण आधी घाटाविषयी सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

पंचगंगा हा काशीच्या पंचतीर्थांपैकी एक घाट. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्या येथे मिळतात अशी श्रद्धा आहे, डोळ्यांना मात्र एकट्या गंगेचेच पाणी दिसते. वर बिंदुमाधवाचे देऊळ आणि औरंगजेबाच्या काळातली आलमगीर मशीद. या मशिदीच्या उंच मनोऱ्यांना लोक 'माधवरावांचे धरहरे' म्हणत. एकोणिसाव्या शतकात जेम्स प्रिन्सेप याने ते दुरुस्त करवले होते. पुढे १९४८ मध्ये त्यांतला एक कोसळला आणि दुसरा धोक्याचा म्हणून उतरवून घेण्यात आला. शेजारचे दुर्गाघाट, ब्रह्माघाट हे मोहल्ले मराठी माणसांचे. पेशवाईपासून तेथे आपली घरे आहेत आणि ब्रह्माघाटावरचा गणेशोत्सव शंभराहून अधिक वर्षांचा आहे. गल्लीत एखादी आजी दारात उभी राहून शुद्ध मराठीत नातवाला हाक मारते आणि नातू बनारसी हिंदीत उत्तर देतो, हे मी स्वतः ऐकले आहे.

घाटाच्या पायऱ्या उभ्या चढणीच्या आहेत. रामानंदांच्या पायाखाली पहाटेच्या अंधारात कबीर आला ती कथा याच पायऱ्यांवरची. भाविक त्यात गुरुकृपा पाहतात ते योग्यच आहे. माझ्यासारख्याला मात्र त्यातून असेही दिसते की कार्तिकातल्या पहाटे या पायऱ्यांवर माणसाला माणूस दिसत नव्हता! अशा जागी अहिल्याबाई होळकरांनी दगडी दीपस्तंभ उभारला. त्याला 'हजारा' म्हणतात, कारण त्यावर शेकडो दिवे ठेवायला जागा केलेली आहे. बाईंची राजधानी महेश्वरला, नर्मदेकाठी. तेथे बसून त्यांनी काशीच्या अंधाऱ्या पायऱ्यांवरच्या माणसांचा विचार केला. दिव्यात तेल घालणारे हात घाटावरचेच असणार, पण दिवा ठेवायला जागा आधी कोणीतरी करून ठेवावी लागते. १९८५ मध्ये पंडित नारायण गुरू यांच्या पुढाकाराने कार्तिक पौर्णिमेला दिवे लावण्याची प्रथा याच घाटावरून नव्याने सुरू झाली. आज तिला देवदीपावली म्हणतात आणि अस्सीपासून राजघाटापर्यंत सगळा काठ उजळतो.

त्या भागात नोकरीला असताना एका कार्तिक पौर्णिमेला आमच्या रोव्हर मुलांची तुकडी पंचगंगेवर सेवेला होती. अठरा मुले, बहुतेक रेल्वे कर्मचाऱ्यांची. मुलांचा उत्साह विचारू नका! पण उत्साहाने गर्दी आवरत नाही. आम्ही पोहोचण्याच्या दोन दिवस आधी एक पन्नाशीचे गृहस्थ तेथे येऊन राहिले होते. हे संघटनेच्या कार्यालयातले पगारी अधिकारी. त्यांनी पायऱ्या मोजल्या होत्या. वरची गल्ली कोठे चिंचोळी होते ते पाहून ठेवले होते. नावाड्यांशी बोलून दोन नावा कडेला राखून ठेवल्या होत्या, पोलीस चौकीत आमच्या नावांची यादी दिली होती आणि जवळच्या एका घरात मुलांना आळीपाळीने पाठ टेकायला खोली मिळवली होती. हरवलेल्यांच्या नोंदीसाठी रेघा आखलेली वही तयार होती. प्रत्येक मुलाला एक शिटी दिली आणि ती कोणत्या तीनच प्रसंगी वाजवायची ते सांगितले. संध्याकाळी गर्दी अशी लोटली की वरून येणाऱ्याला थांबता येईना आणि खालच्याला वर चढता येईना. त्या वेळी मुलांनी दोर धरून पायऱ्यांचे दोन भाग केले, एक चढणाऱ्यांसाठी आणि एक उतरणाऱ्यांसाठी. लोकांनी शाबासकी दिली ती अर्थातच मुलांना. ते गृहस्थ वहीपाशी बसून होते, त्यांनी दिवे पाहिले की नाही मला शंकाच आहे.

माझ्या खात्यात हे रोज दिसते. रूळ बदलायला गँग उतरते तेव्हा लोकांना घाम गाळणारे ट्रॅकमन दिसतात. पण कंट्रोलने दोन तासांचा ब्लॉक दिला नाही, स्टोअरमधून फिशप्लेटा वेळेवर आल्या नाहीत किंवा दोन्ही बाजूंना बावटा घेऊन माणूस उभा केला नाही, तर तीस माणसे बांधावर नुसती बसून राहतात. बावटेवाला नसेल तर त्याहून वाईट घडते. असो.

आता गोखल्यांकडे येतो. गोपाळ कृष्ण गोखले हे स्वतः डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. महिना ७५ रुपयांवर वीस वर्षांच्या सेवेचे बंधन घेऊन त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात शिकवले. सार्वजनिक काम फावल्या वेळात नीट होत नाही, त्यासाठी आयुष्य दिलेली माणसे पाहिजेत आणि त्या माणसांच्या घरची चूल पेटती ठेवण्याची जबाबदारी संस्थेने घेतली पाहिजे, हे त्यांना तेथे पटले असावे. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. सदस्याने सात प्रतिज्ञा घ्यायच्या, पाच वर्षे उमेदवारी करायची, संस्था देईल त्या बेताच्या वेतनात संसार करायचा आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही. त्याच वर्षी डिसेंबरात काशीला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि गोखले त्याचे अध्यक्ष होते.

'सेवक' म्हणायचे आणि वेतनही घ्यायचे, हे काहींना तेव्हा खटकले असेल. आजही खटकते. पण गोखल्यांनी तयार केलेली माणसे पाहा. ना. म. जोशी यांनी मुंबईत १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. गो. कृ. देवधर यांनी रमाबाई रानड्यांबरोबर पुण्याचे सेवासदन उभे केले. ज्यांच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते ते म्हणजे अमृतलाल ठक्कर, आपले ठक्करबाप्पा. यांनी पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून एल.सी.ई. केले. हा त्या काळचा सिव्हिलचा परवाना, पदवी नव्हे, आमच्या डिप्लोम्याचा थोरला भाऊच समजा! पुढे पूर्व आफ्रिकेत युगांडा रेल्वेच्या बांधकामावर ते गेले. परत आल्यावर मुंबई महापालिकेत नोकरी केली आणि १९१४ मध्ये ती सोडून समाजात दाखल झाले. दुष्काळात, पुरात, आदिवासींच्या पाड्यांवर त्यांनी जन्म काढला आणि १९३२ पासून हरिजन सेवक संघाचे सरचिटणीस म्हणून देशभरच्या शाखांचे काम पाहिले. रुळांच्या कामावर हजेरीपट आणि मोजमापाची वही सांभाळलेला माणूस सेवेच्या कामातही हिशेबाला पक्का असणार यात नवल नाही.

स्वयंसेवक आणि त्यांच्या पाठीमागची माणसे यांचा मला सापडलेला सर्वांत बोलका दाखला १९१५ च्या हरिद्वार कुंभाचा आहे. भारत सेवक समाजाने या मेळ्यासाठी स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठवले. प्रमुख होते पंडित हृदयनाथ कुंझरू, १९०९ मध्ये समाजात आलेले, वय सत्तावीस. पथकाचे डॉक्टर होते आपले डॉ. हरी श्रीकृष्ण देव. गांधीजी नुकतेच दक्षिण आफ्रिकेतून परतले होते. त्यांनाही आपली फिनिक्सची मंडळी घेऊन मदतीला येण्याचे निमंत्रण होते. सहारनपूरच्या पुढे प्रवाशांना बिनछपराच्या मालडब्यांत कोंबले होते, वर ऊन आणि खाली तापलेले लोखंड, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. रेल्वेचा नोकर म्हणून ते वाचताना मान खाली जाते.

मेळ्यात डॉ. देवांनी शौचासाठी चर खणवले होते. चर खणणे सोपे, ते झाकण्याचे काम रोज कोणी करायचे? त्यासाठी मजुरीवरच्या सफाई कामगारांवर विसंबावे लागत होते. फिनिक्सच्या मंडळींनी मैल्यावर माती टाकण्याचे आणि त्याची विल्हेवाट लावण्याचे काम मागून घेतले आणि देवांनी ते आनंदाने दिले. या प्रसंगाचे वर्णन करताना आपण फिनिक्सच्या मंडळींचे कौतुक करतो, ते करावेच. पण चर कोठे खणायचा, किती खणायचा, विहिरीपासून आणि वाऱ्यापासून तो किती दूर हवा हे ज्याला आधी बघावे लागते, त्याचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? डॉ. देव मराठी होते हेही आपण विसरलो आहोत.

हेच डॉ. देव १९१७ मध्ये चंपारणला गेले. तेथे गांधीजींनी खेड्यांत शाळा काढल्या होत्या आणि त्यांत मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले, पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन अशा आपल्याकडच्या बायका शिकवायला गेल्या होत्या. या स्वयंसेवकांना वैद्यकीचे ज्ञान नव्हते. म्हणून त्यांच्याजवळ औषधे तीनच दिली : एरंडेल, क्विनाइन आणि गंधकाचे मलम. जीभ पांढरी किंवा पोट साफ नाही तर एरंडेल. ताप असेल तर एरंडेलानंतर क्विनाइन. खरूज, फोड असतील तर जागा धुऊन मलम. औषध घरी न्यायला द्यायचे नाही. याहून अवघड काही असले तर डॉ. देवांना विचारायचे आणि देव ठरलेल्या वारी प्रत्येक केंद्रावर येत. किती साधी योजना आहे पाहा. स्वयंसेवकाला काय येत नाही हे ओळखून त्याच्या हातात झेपेल तेवढेच द्यायचे आणि त्यापुढचे स्वतः अंगावर घ्यायचे. मुख्यालयाचे काम याहून वेगळे काय असते? घाटावर आमच्या मुलांना शिटी वाजवण्याचे तीनच प्रसंग सांगितले गेले तेव्हा मला नेमके हे एरंडेल-क्विनाइन आठवले.

हरिद्वारनंतर तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, अलाहाबादला सेवा समिती बॉय स्काऊट असोसिएशन स्थापन झाली. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी हे तिचे आधार. मूळ बॉय स्काऊट चळवळ सरकारी आशीर्वादाने इंग्रजांच्या मुलांसाठी आली होती आणि हिंदी मुलांना तिच्यात जागा नव्हती. ॲनी बेझंट यांनी १९१७ मध्ये मद्रासला आपली संघटना काढली होती. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले तेव्हा तिने त्यांच्या संघटनेशी एकी केली, मालवीयांची सेवा समिती मात्र वेगळी राहिली. तिच्या नावातच सेवा होती आणि मेळे, साथी, पूर ही तिची शाळा होती. मालवीय देशाचे पुढारी, त्यांना शंभर व्याप. रोजचा गाडा ओढत ते कुंझरू आणि वाजपेयी, आणि हे दोघेही भारत सेवक समाजाचे आजीव सदस्य. म्हणजे पोरांच्या गळ्यात स्कार्फ सेवा समितीचा, आणि तो बांधायला शिकवणाऱ्याच्या घरची चूल पेटत होती ती पुण्याच्या गोखल्यांनी घालून दिलेल्या व्यवस्थेवर.

१९३८ मध्ये सेवा समिती आणि काही इतर संघटना मिळून हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन झाली. स्वातंत्र्यानंतर सगळ्यांचे मिळून ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स अँड गाईड्स स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला मुलींची गाईड संघटनाही त्यात आली. संस्थापकांत कुंझरूंचे नाव आदराने घेतले जाते. १९५६ मध्ये सातपुड्यात पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आज दिल्लीला राष्ट्रीय मुख्यालय, राज्याराज्यांत कार्यालये, आणि आमच्या रेल्वेच्या प्रत्येक झोनला राज्याचा दर्जा. पदाधिकारी आयुक्त मानद असतात, संचालक आणि त्यांच्या हाताखालचे लोक पगारी. शाळेतला स्काऊट मास्तर किंवा माझ्यासारखा रोव्हर लीडर हा विनावेतन काम करतो. त्याला प्रशिक्षणाचे वर्ग कोण घेणार, पुस्तके कोण छापणार, प्रवेशापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत मुलाच्या चाचण्यांची नोंद कोण ठेवणार? मी स्वतः पचमढीला प्रशिक्षण घेतले आहे. तेथला एक प्रशिक्षक तंबूच्या दोराची गाठ दहा वेळा सोडायला लावत असे, अकराव्या वेळी म्हणे, "आता अंधारात बांधा." त्याचा राग आला होता. घाटावर दिवे विझल्यावर दोर बांधताना तो राग गेला.

सगळीच कार्यालये अशी असतात असे माझे म्हणणे नाही. कागद अडवून ठेवणारे, परिपत्रकावर परिपत्रक काढणारे आणि शिबिराच्या दिवशी फक्त फोटोपुरते येणारे लोकही मी पाहिले आहेत. स्वयंसेवकाचा राग अशांवर असतो आणि तो रास्त आहे. पण त्या रागाच्या भरात कार्यालयच नको म्हणणे हा अविचार आहे.

पंचगंगेच्या पायरीवर उभे राहून प्रवाहाच्या दिशेने पाहिले की राजघाटचा पूल दिसतो. खालून आगगाडी, वरून रस्ता. १८८७ मध्ये बांधून झालेला हा डफरिन पूल, १९४८ पासून त्याचे नाव मालवीय पूल. सेवा समितीच्या त्याच मालवीयांचे नाव. १५ ऑक्टोबर २०१६ रोजी एका धार्मिक मेळाव्याला निघालेल्या मिरवणुकीत या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे गेली. जेवढ्या लोकांसाठी परवानगी मागितली होती त्याच्या कितीतरी पट लोक आले होते. अशा मिरवणुकीत उत्साही हातांची वाण नसते. किती माणसे येणार याचा खरा आकडा आधी कळवणे आणि पुलाच्या दोन्ही टोकांना माणूस आणि निरोप ठेवणे, हे काम कोठेतरी खुर्चीत बसूनच करावे लागते. आमच्या भाषेत सांगायचे तर ब्लॉक न घेता गँग रुळावर उतरवल्यासारखे ते झाले.

कुंझरूंचे नाव मी प्रथम वाचले ते स्काऊटच्या पुस्तकात नव्हे, तर खात्याच्या परीक्षेच्या टिपणांत. रेल्वे अपघातांची कारणे शोधण्यासाठी १९६२ मध्ये नेमलेली समिती 'कुंझरू समिती' म्हणूनच ओळखली जाते आणि आम्ही ती शाहनवाज, वांछू, सिक्री यांच्या ओळीत पाठ करतो. हेच ते हरिद्वारचे कुंझरू, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. १९३६ पासून १९७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते गोखल्यांच्या समाजाचे अध्यक्ष होते. १९६८ मध्ये त्यांना भारतरत्न देऊ केले, ते त्यांनी नाकारले. प्रजासत्ताकात असे किताब असू नयेत असे त्यांचे आधीपासूनचे मत होते.

आपल्या मंडळापुरते सांगायचे तर यंदा अनंत चतुर्दशीला मिरवणुकीच्या वाटेवर शाळेच्या फाटकाशी एक टेबल मांडायचे ठरले आहे. त्यावर हरवलेल्या मुलांची वही, प्रथमोपचाराची पेटी, कार्यकर्त्यांच्या पाळ्यांची यादी आणि चालू स्थितीतला फोन असेल. तेथे बसणाऱ्याने मिरवणुकीत नाचायचे नाही आणि विसर्जन होईपर्यंत उठायचे नाही. दोन नावे आली आहेत, तिसरे हवे आहे. ज्यांना जमेल त्यांनी रात्रीच्या आरतीनंतर चिटणीसांना भेटावे.